छोटा तपकिरी पतंग पंखांवरच्या खुणांवरून कसा ओळखावा

रात्री दिव्याजवळच्या भिंतीवर बसलेला तपकिरी पतंग लांबून अगदीच सामान्य वाटतो. जवळ जाऊन पाहिलं की पंखांवर रेषा, ठिपके आणि नागमोडी पट्टे दिसू लागतात. ओळख पटते ती त्यांवरून. नुसत्या रंगावर विसंबू नका. पंखांवरचे खवले झडत जातात आणि जुना पतंग फिकट, पुसट होतो. शिवाय एकाच जातीत गडद आणि फिके असे दोन्ही निघतात.

१. आधी फोटो काढा. कॅमेरा पंखांना समांतर, बरोबर वरून. शेजारी मोजपट्टी ठेवा. फ्लॅशने खवले चमकतात आणि रेषा हरवतात, म्हणून पसरलेला मंद उजेड बरा.

२. बसण्याची ढब पाहा. पंख उतरत्या छपरासारखे मिटलेले असतील तर बहुधा नॉक्टुइड कुळ. सपाट पसरून भिंतीला चिकटला असेल तर बहुधा जिओमेट्रिड, म्हणजे ज्यांच्या अळ्या कमान करत चालतात ते.

३. आता पुढचा पंख, आणि इथे घाई नको. नॉक्टुइड पतंगांत सहसा दोन आडव्या रेषा असतात आणि त्यांच्या मधे दोन ठिपके: आतल्या बाजूला गोल, बाहेरच्या बाजूला मूत्रपिंडाच्या आकाराचा. बाहेरची रेषा कुठे वळते, तिला दाते आहेत का, ती पंखाच्या कडेपासून किती दूर आहे, हे कागदावर रेखाटून घ्या. मला फोटोपेक्षा या ओबडधोबड चित्राचा जास्त उपयोग होतो, कारण हात फिरताना डोळा प्रत्येक वळणावर थांबतो.

४. मागचा पंख दिसला तर त्याचा रंग आणि कडेची झालर टिपा.

५. मग ताडून पाहा. घरातले पतंग सरावाला उत्तम. धान्यातल्या पतंगाच्या पुढच्या पंखाचा अंगाकडचा भाग फिका राखाडी, तर बाहेरचा तांबूस तपकिरी. कपडे खाणाऱ्या एका जातीचे पंख सोनेरी आणि बिनखुणांचे. तिच्याच नात्यातल्या दुसरीवर तीन गडद ठिपके, तेही झिजल्यावर दिसेनासे होतात.

पण प्रत्येक पतंग खुणांवरून ओळखता येतोच असं नाही. युपिथेसिया या जिओमेट्रिड पतंगांच्या वंशात हजाराहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या कित्येक, सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियं तपासल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत. तिथे वंशाचं नाव आणि तारीख लिहून थांबा.