मुंबई ते बंगळूरु: ट्रकचा मार्ग तासांच्या हिशेबाने कसा आखावा

परराज्यात जाणाऱ्या ट्रकचा मार्ग ठरवताना बहुतेक कार्यालयांत आधी अंतर पाहिले जाते, त्यावरून डिझेल व टोल यांचा अंदाज बांधला जातो आणि माल पोहोचण्याची वेळ मात्र व्यापाऱ्याच्या सोयीने कबूल केली जाते. हा क्रम उलटा करावा. चालकाला कायद्याने किती तास गाडी चालवता येते आणि त्या तासांत भरलेली गाडी खरोखर किती अंतर कापते, हे आधी मांडून मगच भाड्याची बोलणी करावी.

वडाळ्याहून बंगळूरुला राष्ट्रीय महामार्ग ४८ ने जाणारा ट्रक उदाहरणादाखल घेऊ. अंतर सुमारे १,००० किलोमीटर आहे. चालकाचे काम दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा अधिक नसावे, आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती मिळावी. वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर असली, तरी घाट, टोलनाके आणि शहरांलगतची कोंडी धरता भरलेल्या गाडीची सरासरी ४० च्या आसपास मानणेच शहाणपणाचे. म्हणजे एका चालकाची मजल दिवसाला ३०० किलोमीटरच्या थोडी पुढे जाते आणि गाडी चौथ्या दिवशी पोहोचते. ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन वाहतूक-पत्राची, मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने ५ दिवसांची मिळते. तेव्हा घाई कायदा करायला लावत नाही. ती भाडे ठरवतानाच्या शब्दांतून गाडीत शिरते. माल दोन दिवसांत हवाच असेल, तर दुसऱ्या चालकाचा पगार भाड्यात धरावा.

मुंबईत अवजड वाहनांना सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी बंदी असते. तिच्या वेळा वाहतूक पोलिसांच्या अधिसूचनेनुसार बदलतात, म्हणून निघण्याआधी ताजी अधिसूचना पाहावी. या बंदीमुळे अनेक जण मध्यरात्री गाडी सोडतात आणि दिवसभर माल भरण्यासाठी ताटकळलेला चालक पहाटे, झोप सर्वाधिक अनावर होते त्याच वेळी, घाटात किंवा पुण्याच्या पुढे असतो. त्यापेक्षा सकाळची बंदी उठताच निघावे. दिवसाउजेडी बोरघाट चढून, संध्याकाळची गर्दी वाढण्याआधी पुण्याचा बाह्यवळण रस्ता ओलांडता येतो आणि पहिला मुक्काम साताऱ्याजवळ होतो. दुसरा मुक्काम धारवाडच्या आसपास, तिसरा चित्रदुर्गजवळ ठेवावा. बंगळूरुतही अवजड वाहनांवर वेळेचे निर्बंध असतात, त्यामुळे शेवटच्या दिवशी शहराच्या अलीकडे नेलमंगलाला थांबून प्रवेशाची वेळ साधावी. मुक्कामाची जागा आधीच ठरवावी: पंपाचे आवार किंवा वाहनतळ चालेल, महामार्गाची कड कदापि नाही. माल भरताना गेलेले तासही कामाचेच धरावेत, हे मालकांना रुचत नाही, पण थकवा त्यांची वेगळी नोंद ठेवत नाही.

कागदपत्रांत नोंदणी प्रमाणपत्र, विमा, फिटनेस, पीयूसी, चालकाचा परवाना आणि राष्ट्रीय परमिट यांच्या मुदती परतीच्या तारखेपर्यंत टिकतात का, ते पाहावे. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवरील प्रती ग्राह्य असतात. राष्ट्रीय परमिटची एक अट वारंवार मोडली जाते. महाराष्ट्राच्या गाडीला बंगळूरुहून मुंबईचे परतीचे भाडे घेता येते, परंतु बंगळूरुत भरलेला माल हुबळीला उतरवता येत नाही, कारण ती दुसऱ्या राज्याच्या अंतर्गत वाहतूक ठरते. रिकामी गाडी परत आणण्याच्या धास्तीने असे भाडे घेणारे पुष्कळ आहेत.

वजन गाडी निघण्याआधी काट्यावर करावे आणि पावती गाडीत ठेवावी. २०१८ च्या वाढीव मर्यादेनुसार दोन आसांच्या (अॅक्सलच्या) ट्रकचे मालासह एकूण वजन १८.५ टन आणि तीन आसांच्या ट्रकचे २८.५ टनांपर्यंत चालते, मात्र आपल्या गाडीच्या नोंदणीत जे लिहिले आहे तेच खरे मानावे. जादा मालाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. एकूण वजन नियमात असूनही माल एकाच टोकाला रचला, तर एखाद्या आसावर मर्यादेबाहेर भार येतो.

या मार्गावरचे सर्वांत धोक्याचे उतार जाताना नव्हे, तर परतताना लागतात, आणि आखणी करणारे नेमके इकडेच दुर्लक्ष करतात. खंबाटकीचा उतार, कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा लांब उतार आणि शेवटी बोरघाट, हे तिन्ही मुंबईकडे येताना, घराची ओढ लागलेल्या चालकासमोर येतात. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय इथे जीव घेते: इंजिनाचा अडसर नाहीसा होतो, सगळा भार ब्रेकवर पडतो आणि तापलेले ब्रेक धरेनासे होतात. इंजिन बंद केले, तर ब्रेकसाठी लागणारा हवेचा दाब भरणे थांबते आणि स्टेअरिंगही जड होते. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग रोखणारा) वापरावा आणि हवेच्या दाबाच्या काट्यावर लक्ष ठेवावे. डिझेलच्या बचतीवर चालकाला बक्षीस देणाऱ्या मालकांनी या उतारांपुरता तो हिशेब बाजूला ठेवावा. पावसाळ्यात बोरघाटात दरडीही कोसळतात. जुलै २०२३ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड द्रुतगती मार्गावर आली होती. तेव्हा त्या दिवसांत परतीच्या वेळापत्रकात अर्धा दिवस मोकळा ठेवावा.

वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या ट्रकमध्ये भरावा लागला, तर तो ट्रक हलण्यापूर्वी ई-वे बिलाच्या भाग ‘ब’ मध्ये, म्हणजे वाहनाच्या तपशिलाच्या भागात, नवा गाडी क्रमांक नोंदवावा. मुदत संपत आली असेल, तर ती संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या ८ तासांतच वाढवून घेता येते, म्हणून हे काम चालकावर न सोपवता मुंबईच्या कार्यालयातील एका ठरावीक माणसाकडे द्यावे आणि त्याचा क्रमांक चालकाजवळ लिहून ठेवावा.