बेटावर फर्स्ट क्लासनं जायचंय? आधी घड्याळ काढा

बेटांच्या प्रवासासाठी फर्स्ट क्लासची चौकशी करणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सगळ्यात भारी एअरलाइन कोणती? तिकिटं काढून देणं हाच माझा धंदा आहे, आणि या प्रश्नाला मी उत्तर देत नाही, उलट चार प्रश्न विचारते. कुठल्या बेटावर? कुठून? दिवसा की रात्री? आणि विमानात झोपायचंय की मौज करायचीय? तुलना एअरलाइनची करून काही हाती लागत नाही. तुलना करायची ती एका ठरावीक उड्डाणाची : तो दिवस, तो फ्लाइट नंबर, ते विमान.

सुरुवात नकाशापासून करा. तुमच्या बेटापर्यंत फर्स्ट क्लास जातो का, हेच आधी बघा. बहुतेक बेटांपर्यंत जात नाही. ताहितीला जाणाऱ्या एअर ताहिती नुईच्या ७८७-९ विमानांत फर्स्ट क्लासच नाही. बिझनेसच्या ३० सीट आहेत, त्याही दोन-दोन-दोन अशा, म्हणजे खिडकीत बसणाऱ्याला रात्री शेजाऱ्याचे पाय ओलांडून उठावं लागतं. एअर मॉरिशस, एअर सेशेल्स, श्रीलंकन यांच्याकडेही फर्स्ट नाही. सिंगापूर एअरलाइन्सच्या ए३८० या दुमजली विमानातल्या सहा सुइट्सचे, म्हणजे दार असलेल्या छोट्या खोल्यांचे, फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, पण ते सुइट तुम्हाला सिंगापूरपर्यंतच नेतात. तिथून मालदीव किंवा बालीला निघणाऱ्या विमानात तुम्ही बिझनेसमध्ये बसता. (सिंगापूर हेही बेटच आहे असं एका गिऱ्हाइकानं मला ऐकवलं होतं. बरोबर आहे, पण त्यांना जायचं होतं मालदीवला.)

मग उरतं कोण? दुबईच्या एमिरेट्सचं ए३८० मॉरिशसला आणि बालीला जातं, माले (मालदीव) आणि सेशेल्सला त्यांची ७७७ विमानं जातात. टोकियोच्या नारिताहून हवाईतल्या होनोलुलूला एएनए या जपानी कंपनीची तीन ए३८० आहेत, समुद्री कासवासारखी रंगवलेली. मे २०१९ मध्ये ती सुरू झाली. ५२० सीटच्या त्या विमानात फर्स्टच्या फक्त आठ, वरच्या मजल्यावर, दार लावून घेता येणाऱ्या. अबुधाबीच्या एतिहादनं २०२५ पासून ए३२१एलआर या छोट्या विमानातही दोन फर्स्ट सुइट बसवले आहेत आणि ते विमान फुकेटसारख्या मार्गांवर घातलं आहे.

हवाईचं प्रकरण वेगळं आहे. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून तिकडे जाणाऱ्या कित्येक विमानांत 'फर्स्ट' या नावानं मिळते ती रुंद, मागे झुकणारी खुर्ची. हवाईयन एअरलाइन्सच्या ए३२१निओमध्ये तशा १६ आहेत. त्याच कंपनीच्या ए३३० मध्ये मात्र पूर्ण सपाट होणारे १८ बिछाने आहेत, आणि ७८७-९ मध्ये दार असलेले ३४ सुइट. पाच-सहा तासांच्या रात्रीच्या उड्डाणाला खुर्ची आणि बिछाना यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तिकिटावर मात्र तिन्ही ठिकाणी तेच नाव दिसू शकतं. म्हणून हवाईसाठी नाव वाचूच नका, सीट मॅप उघडा.

विमान ओळखणं ही दुसरी पायरी, आणि सगळ्यात जास्त वेळ मी इथेच घालवते. बुकिंग करताना फ्लाइट नंबरशेजारी विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो टिपून घ्या. एमिरेट्सचंच बघा. बहुतेक ए३८० मध्ये फर्स्टचे १४ सुइट, पुढे दोन शॉवर, मागे बार. काही ७७७ मध्ये सहाच सुइट, एक-एक-एक असे मांडलेले, छतापर्यंत बंद होणारे. मधल्या सुइटला खिडकी नाही, तिथे कॅमेऱ्याचं चित्र दाखवणाऱ्या खोट्या खिडक्या आहेत. जुन्या ७७७ मध्ये आठ सुइट, दारं आहेत पण वरून उघडे. आणि काही ए३८०, काही ७७७ आणि त्यांची नवी ए३५० विमानं अशी, की त्यांत फर्स्ट क्लासच नाही. एकाच कंपनीत एवढे प्रकार! आता 'एमिरेट्सचं फर्स्ट कसं असतं हो?' या प्रश्नाला काय सांगायचं?

यानंतर कागद घ्या आणि घड्याळ काढा. एक आडवी रेघ मारा. डाव्या टोकाला उड्डाणाची वेळ, उजव्या टोकाला उतरण्याची. पहिला अर्धा तास खोडा, कारण विमान वर चढेपर्यंत कोणी बिछाना घालून देत नाही. शेवटची चाळीस मिनिटं खोडा, तेव्हा सीट सरळ करायला लावतात. उरलेल्या वेळेत तुम्हाला काय-काय करायचंय ते बसवा.

दुबई ते मॉरिशस साधारण साडेसहा तास. दोन्हीकडचं घड्याळ सारखंच, फरक शून्य. खोडाखोड केल्यावर हातात राहतात पाच तास वीस मिनिटं. सावकाश जेवलात तर त्यात दीड तास जातो. शॉवरचा अर्धा तास. झोपेला उरले जेमतेम तीन तास वीस मिनिटं. उड्डाण मध्यरात्रीनंतरचं असेल, तर सकाळी बेटावर तुम्ही तारवटलेल्या डोळ्यांनी उतरणार, आणि हॉटेलची खोली बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही.

एका निवृत्त जोडप्यासाठी मी असाच कागद मांडला होता. काकांना शॉवर हवाच होता. "आकाशात आंघोळ केली असं सांगता आलं पाहिजे," म्हणाले. काकू म्हणाल्या, "अहो, मला काही सांगायचं नाही. मला पाय लांब करून झोपू दे." मी विचारलं, "काकू, दिवसा विमानात झोप लागते का तुम्हाला?" "दिवसा मला घरातही लागत नाही गं." मग उत्तर सोपं होतं. जाताना दिवसाचं उड्डाण घेतलं. जेवण, बार, शॉवर, सगळं निवांत झालं, उतरले तेव्हा हॉटेलची खोली तयार होती आणि काकू रात्री पलंगावर झोपल्या. येतानाच्या रात्रीच्या उड्डाणाला मी त्यांना सांगितलं : लाउंजमध्ये जेवून घ्या, विमानात चढल्या-चढल्या बिछाना घालायला सांगा, नाश्त्यासाठी उठवू नका म्हणून बजावा. फर्स्टमध्ये पाहिजे तेव्हा जेवता येतं, याचा खरा उपयोग हा आहे : न जेवता झोपता येणं.

शॉवरबद्दल लोक फार विचारतात म्हणून थोडं सविस्तर. तो अर्ध्या तासासाठी राखून ठेवावा लागतो. चढल्यावर लगेच वेळ सांगा, उतरायच्या आधीच्या तासाला सगळ्यांचीच उडी पडते. पाणी मिळतं पाच मिनिटं. ऐकायला कमी वाटतं, पण बटण दाबून पाणी थांबवता येतं, साबण लावून झाला की पुन्हा सोडायचं. किती उरलं ते दिव्यांवर कळतं. नीट वापरलं तर पाच मिनिटं पुरून उरतात. केस धुवायचे असतील तर मात्र आधी ते.

आता सगळ्यात अवघड तुलना : थेट जाणारं बिझनेस की वाटेत बदलून जाणारं फर्स्ट? लंडनहून माले घ्या. थेट उड्डाण दहा-साडेदहा तासांचं. दुबईमार्गे फर्स्ट घेतलंत तर आधी सात तास, मग विमानतळावर काही तास, मग पुन्हा चार तास. चार तासांच्या तुकड्यात वर सांगितल्याप्रमाणे खोडाखोड केली, जेवण बसवलं, की बिछाना घालण्यात अर्थच उरत नाही. म्हणजे फर्स्टचे पैसे दोन्ही तुकड्यांना, उपयोग एकाच तुकड्यात. सलग सात-आठ तास झोप ज्यांना लागते, त्यांना मी थेट बिझनेस सुचवते. त्यातून ते ७८७ किंवा ए३५० असेल तर आणखी बरं. या विमानांत केबिनमधला हवेचा दाब सुमारे ६,००० फूट उंचीवर असतो तसा ठेवतात, जुन्या विमानांत तो ८,००० फुटांच्या आसपासचा असू शकतो, आणि नव्या विमानांत हवाही तितकी कोरडी नसते. उतरल्यावर डोकं जड नसणं हीसुद्धा सेवाच आहे, फक्त तिचा फोटो काढता येत नाही. ज्यांना तुटक झोप चालते, वाटेत लाउंजमध्ये पाय मोकळे करायला आवडतात, त्यांनी खुशाल फर्स्ट घ्यावं. मधली वाटही आहे : लांबच्या तुकड्याला फर्स्ट, छोट्याला बिझनेस. असं मिश्र तिकीट निघतं, विचारावं मात्र लागतं.

जोडप्यांनी सीट निवडताना खिडकीच्या मोहात पडू नये. एक-दोन-एक मांडणीत खिडकीकडचे दोघं बोलायला एकमेकांना दिसतही नाहीत. मधल्या जोडीच्या सीट घ्या. सिंगापूरच्या सुइट्समध्ये प्रत्येक बाजूच्या पहिल्या दोन सुइट्समधली भिंत खाली जाते आणि डबल बेड होतो, तिसऱ्याला ती सोय नाही. हे सीट मॅप बघताना कळत नाही, आधी माहीत असावं लागतं.

जेवणावर मी फार गुण देत नाही. कोरड्या हवेत आणि कमी दाबात जिभेला मीठ आणि साखर कमी जाणवते, त्यामुळे जमिनीवरच्या चवीची अपेक्षा कोणाकडूनच करू नये. रस्सा असलेले, मसालेदार, टोमॅटोचे पदार्थ टिकून राहतात, नाजूक चवीचे मार खातात. सिंगापूर एअरलाइन्समध्ये २४ तास आधीपर्यंत मोठ्या यादीतून जेवण सांगून ठेवता येतं, तेवढं जरूर करा. शॅम्पेनचा ब्रँड बघून एअरलाइन निवडणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

होनोलुलूला एक गंमत आहे. जपान आणि हवाईच्या घड्याळात १९ तासांचा फरक, मध्ये तारीख बदलणारी वाररेषा. संध्याकाळी-रात्री निघालात की त्याच तारखेच्या सकाळी पोचता. जाताना सुमारे सात तास, परतताना पश्चिमेचा वारा समोरून येतो म्हणून त्याहून जास्त. परतीला जागेपणी जास्त वेळ मिळतो, तेव्हा फर्स्टचा खर्च एकाच बाजूला करायचा असेल तर नेमकं काय हवंय ते ठरवा : जाताना झोप, येताना आराम.

आणि विमानतळावर प्रवास संपत नाही, विशेषतः मालदीवमध्ये. लांबच्या रिसॉर्टला सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान, जातं आणि ते फक्त उजेडात उडतं. दुपारी उशिरा उतरलात तर रात्र मालेजवळ काढावी लागते. मग रिसॉर्टची पहिली रात्र गेली आणि फर्स्टमध्ये मिळवलेला निवांतपणाही. म्हणून उतरण्याची वेळ सकाळची असेल अशी फ्लाइट शोधा, मग तिच्यात फर्स्ट नसलं तरी चालेल. सामानाचंही तेच. फर्स्टच्या तिकिटावर ५० किलोपर्यंत बॅगा नेता येतात, सीप्लेनमध्ये मात्र साधारण २० किलो आणि हातातली ५. काउंटरवर हातातली पिशवीही काट्यावर ठेवायला लावतात. वरच्या किलोंचे पैसे. चौदा तास सुइटमध्ये लोळत आलेली मंडळी मग ट्विन ऑटर नावाच्या त्या सीप्लेनच्या अरुंद खुर्चीत, पंख्यांच्या आवाजात कान झाकून बसतात, आणि पुढे वैमानिक अनवाणी पायांनी विमान चालवत असतो. मला विचाराल तर पूर्ण प्रवासातला तो सगळ्यात छान तुकडा आहे.

तिकीट काढल्यावर काम संपलं असं समजू नका. विमान बदललं जातं. माझ्या एका गिऱ्हाइकाचं फर्स्ट असं निघायच्या आठवडाभर आधी गेलं. कंपनीनं ईमेलमध्ये फक्त नवीन सीट नंबर कळवला होता, वर्ग बदलल्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. म्हणून महिन्यातून एकदा, शेवटच्या आठवड्यात रोज, बुकिंग उघडून विमानाचा प्रकार, सीट नंबर आणि बुकिंगचं अक्षर बघा. फर्स्टचं अक्षर सहसा एफ किंवा ए असतं, बिझनेसचं जे, सी, डी वगैरे. बदल दिसला की लगेच फोन करा आणि फर्स्ट असलेल्या दुसऱ्या उड्डाणावर घालायला सांगा. विमानतळावर जाऊन हे होत नाही.

तरीही खालच्या वर्गात बसवलंच, तर युरोपीय संघातून निघणाऱ्या उड्डाणांना तिथला नियम लागू होतो : ३,५०० किलोमीटरहून लांबच्या उड्डाणाला त्या टप्प्याच्या तिकिटाचे ७५ टक्के परत मिळतात. पूर्ण प्रवासाच्या रकमेवर नाही, खालच्या वर्गात बसवलं त्याच टप्प्यावर, त्यामुळे टप्प्यानुसार पैसे किती ते तिकीट काढतानाच लिहून घ्या. मूळ तिकीट आणि प्रत्यक्ष बसलात त्या सीटचा बोर्डिंग पास, दोन्ही पैसे परत मिळेपर्यंत जपून ठेवा. मोबाइलमधला पास उड्डाणानंतर गायब होतो, त्याचा स्क्रीनशॉट आधीच काढा.