या चुका टाळा : सर्व्हरवर चालणाऱ्या वेब प्रोग्रॅमिंगमधील नेहमीच्या अडचणी

‘साइट चालत नाही’ एवढेच सांगणारा फोन आला की बहुतेकांचा हात पहिल्यांदा रीस्टार्टकडे जातो, आणि माझ्या मते सर्व्हर सांभाळणाऱ्याची ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे. रीस्टार्टने साइट अनेकदा खरोखरच सुरू होते. परंतु त्या क्षणी कोणती क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) अडकून बसली होती, मेमरी कोणत्या प्रोसेसने खाल्ली होती, डेटाबेसच्या किती जोडण्या उघड्या होत्या, हा सारा पुरावा त्याबरोबर पुसला जातो आणि तीच अडचण पुढच्या सोमवारी, ऐन कामाच्या वेळी, पुन्हा दारात उभी राहते. मुंबईतील गृहनिर्माण संस्था, ग्रंथालये आणि लहान दुकानदार यांच्या साइट सांभाळताना मला जे प्रश्न वारंवार भेटले, त्यांतील बहुतेक चिघळण्याचे कारण एकच होते. माहिती ब्राउझरपासून डेटाबेसपर्यंत जाते आणि परत येते, त्या वाटेवर ती नेमकी कुठे थांबली किंवा कुठे बदलली हे न पाहताच कोडमध्ये दुरुस्ती सुरू केलेली असते.

कुठे थांबली याचा पहिला अंदाज एररच्या क्रमांकावरूनच येतो. ५०० म्हणजे कोड चालू झाला आणि मध्येच कोसळला. त्याचे उत्तर ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, असते. ५०२ म्हणजे पुढे उभ्या असलेल्या एनजिनएक्सला, म्हणजे ब्राउझरच्या रिक्वेस्ट स्वीकारून मागे पाठवणाऱ्या वेब सर्व्हरला, मागच्या प्रोसेसकडून धड उत्तरच मिळाले नाही. अशा वेळी पीएचपी किंवा नोडची ती प्रत्यक्ष कोड चालवणारी प्रोसेस जिवंत आहे का, हे आधी पाहावे. ५०४ म्हणजे मागची प्रोसेस जिवंत आहे पण वेळेत उत्तर देत नाही. एनजिनएक्सची ही मर्यादा मुळात ६० सेकंदांची असते आणि ती ३०० करून ठेवणे हा उपाय नव्हे, कारण मंद असलेली क्वेरी त्यानंतरही मंदच राहते. येथे आणखी एक चूक आवर्जून सांगतो. एरर पाहता यावी म्हणून लाइव्ह सर्व्हरवर ती थेट पडद्यावर दाखवण्याची सोय अनेक जण चालू ठेवतात. त्यामुळे फाइलींचे पूर्ण मार्ग, टेबलांची नावे आणि कधीकधी डेटाबेसचे वापरकर्तानावसुद्धा कोणाही वाटसरूला वाचायला मिळते. पडद्यावर साधा निरोप द्यावा आणि तपशील लॉगमध्ये लिहावा.

मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे

गिरगावातील एका ग्रंथालयाची पुस्तकसूची नव्या सर्व्हरवर हलवल्यानंतर अर्ध्या नोंदींच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसू लागली, तर उरलेल्या नोंदींमध्ये टोप्या घातलेल्या परक्या रोमन अक्षरांची रांग आली. ही दोन लक्षणे एकाच रोगाची वाटली तरी त्यांच्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. टोपीवाली अक्षरे दिसत असतील तर मूळ बाइट बहुधा शाबूत असतात, केवळ ते चुकीच्या पद्धतीने वाचले जात असतात. मात्र डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्ह साठले असेल तर ते अक्षर कायमचे गेले आणि बॅकअपवाचून ते परत आणता येत नाही. म्हणून पहिले काम म्हणजे साठवलेला मजकूर हेक्स स्वरूपात, म्हणजे प्रत्येक बाइट दोन अंक-अक्षरांत लिहून, पाहणे. ‘म’ हे अक्षर युटीएफ-८ मध्ये (युनिकोडची चिन्हे बाइटांत लिहिण्याची पद्धत) ‘ई०ए४एई’ असे तीन बाइटांचे दिसले पाहिजे. तेथे ‘३एफ’ असेल तर ते खरेच प्रश्नचिन्ह आहे. ‘सी३ए०सी२ए४’ अशी सुरुवात दिसली, तर मजकूर दोनदा एन्कोड झालेला, म्हणजे बाइटांत दोनदा रूपांतरित झालेला, आहे आणि तो उलट्या वाटेने सोडवता येतो.

आमच्या ग्रंथालयात दोन्ही प्रकार एकत्र असण्याचे कारण असे निघाले, की टेबल युटीएफ-८ चे असले तरी सूची भरणाऱ्या एका जुन्या प्रोग्रॅमची डेटाबेसशी असलेली जोडणी लॅटिन-१ या केवळ रोमन अक्षरांच्या जुन्या पद्धतीची होती. टेबलाचा कॅरॅक्टर सेट (अक्षरे साठवण्याची पद्धत) बदलला म्हणजे काम झाले, असे मानणारे पुष्कळ आहेत. पण टेबल, कॉलम, जोडणी आणि ब्राउझरला पाठवलेला हेडर या चारही ठिकाणी एकच एन्कोडिंग असावे लागते, आणि विसरली जाते ती नेमकी जोडणी. लॅटिन-१ म्हणून घोषित केलेल्या कॉलममध्ये प्रत्यक्षात युटीएफ-८ चे बाइट असतील, तर त्यावर थेट रूपांतराची आज्ञा मुळीच चालवू नये, कारण ती बिघाड पक्का करते. तो कॉलम आधी बायनरी प्रकाराचा करावा, मग युटीएफ-८एमबी४ चा (४ बाइटांपर्यंतचे पूर्ण युटीएफ-८) करावा, आणि हे सारे बॅकअपच्या प्रतीवर करून पाहिल्यानंतरच मूळ टेबलाला हात लावावा.

मायएसक्यूएल या डेटाबेसमधील ‘युटीएफ-८’ या नावानेही अनेकांना फसवले आहे. ते एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट देते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचेच असल्याने मराठी मजकूर त्यात बसतो आणि सारे सुरळीत असल्याचा भास होतो. वाचकाने अभिप्रायात ४ बाइटांचा इमोजी टाकला की नोंद अडते किंवा तिथून पुढे तुटते. युटीएफ-८एमबी४ हाच पर्याय घ्यावा. २०१८ साली आलेल्या ८.० आवृत्तीपासून तो मूळचाच असतो, परंतु जुन्या सर्व्हरवरून आणलेली टेबले आपला जुना सेट बरोबर घेऊनच येतात.

बाइटांचा हाच हिशेब आणखी दोन ठिकाणी आडवा येतो. ‘मुंबई’ या शब्दात वाचणाऱ्याला तीन अक्षरे दिसतात, युनिकोडच्या दृष्टीने ती पाच चिन्हे आहेत आणि बाइट पंधरा. बातमीचा सारांश ‘पहिले १५० बाइट’ असा कापला, तर शेवटचे अक्षर मधूनच तुटू शकते आणि तेथे चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटते. चिन्हे मोजून कापला तरी एखादी वेलांटी किंवा अनुस्वार मागे राहू शकतो. पीएचपीच्या इंटल विस्तारात ग्राफीम, म्हणजे वाचणाऱ्याला दिसणारी अक्षरे, मोजणारी फंक्शने आहेत, मराठी मजकुरासाठी तीच वापरावीत. दुसरे ठिकाण पासवर्डचे. पासवर्ड गुप्त रूपात साठवणारी बीक्रिप्ट ही पद्धत पहिल्या ७२ बाइटांपलीकडे पासवर्ड विचारात घेत नाही, म्हणजे देवनागरीत लिहिलेल्या लांब परवलीच्या वाक्यातील सुमारे २४ चिन्हेच जमेस धरली जातात.

या सगळ्यापेक्षा अधिक काळ मला छळले ते ‘कऱ्हाड’ने. सूचीत कऱ्हाडविषयीची पुस्तके होती, ती पडद्यावर दिसत होती, तरीही शोध घेतला की निकाल शून्य येई. पडद्यावर तंतोतंत सारखा दिसणारा अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: एक म्हणजे ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त, आणि दुसरा म्हणजे साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह. सूची भरणाऱ्यांचा कळफलक एक, शोधणाऱ्याच्या फोनचा दुसरा. बाइटांची तुलना करणाऱ्या कोडच्या लेखी ते दोन निराळे शब्द आहेत. ‘ॲ’चेही तसेच, ते २००८ साली युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह म्हणून आले, त्याआधीचा मजकूर ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला असतो. युनिकोडचे एनएफसी प्रमाणीकरण (एकाच अक्षराची निरनिराळी रूपे एकसारखी करण्याची ठरलेली रीत) केल्याने हे सुटेल असे मला वाटले होते, पण ते या दोन्ही जोड्यांना हात लावत नाही. त्यामुळे नियम आपणच लिहावे लागतात. मी शोधासाठी एक वेगळा कॉलम ठेवला, त्यात प्रत्येक नोंदीचे एकसारखे केलेले रूप साठवले आणि वाचकाने टंकलेला शब्दही त्याच फंक्शनमधून नेला. जोडचिन्ह सरसकट काढून टाकण्याचा मोह मात्र टाळावा. तसे केल्यास ‘आचाऱ्यांना’ वाढलेले जेवण ‘आचार्यांना’ जाते. म्हणून जोडचिन्हाचे रूप ‘ऱ’च्या रूपात बदलावे, अर्धा र गमावू नये.

थोडक्यात सुटणाऱ्या काही गोष्टी

मोठी फाइल अपलोड केली की फॉर्म कोणतीही एरर न देता रिकामाच पोहोचतो, अशी तक्रार आली तर फॉर्मचा कोड तपासण्यात वेळ घालवू नये. पीएचपीमध्ये एका फाइलची मूळ मर्यादा २ एमबी आणि संपूर्ण फॉर्मची ८ एमबी असते, आणि दुसरी ओलांडली की फॉर्ममधील सारीच माहिती गळून पडते. एनजिनएक्सची मर्यादा तर १ एमबीच आहे. तेथे निदान ४१३ हा क्रमांक तरी मिळतो.

सदस्य लॉगिन करतो आणि पुन्हा लॉगिनच्याच पानावर येतो, असे अचानक सर्वांच्याच बाबतीत होऊ लागले तर आधी डिस्क पाहावी. डिस्क भरली की सेशनची, म्हणजे कोणी लॉगिन केले हे लक्षात ठेवणारी, फाइल लिहिता येत नाही. जागा शिल्लक दिसत असली तरी आयनोड (प्रत्येक फाइलमागे एक लागणारी डिस्कवरची नोंद) संपलेले असू शकतात, कारण लाखो बारीक सेशन फाइलींनी ते खाल्लेले असतात. अवाढव्य लॉग फाइल पुसूनही जागा मोकळी होत नसेल, तर एखादी प्रोसेस ती फाइल अजून उघडी धरून बसली आहे असे समजावे.

‘परमिशन’ची एरर आली की फोल्डरला ७७७, म्हणजे कोणालाही वाचण्या-लिहिण्याची पूर्ण मुभा, देऊन मोकळे होणे ही निव्वळ हयगय आहे. वेब सर्व्हर कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो ते पाहून मालकी त्याला द्यावी.

रात्री बारा ते साडेपाच

भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, आणि मुंबईतील डेटा सेंटरमध्ये घेतलेला क्लाउड सर्व्हरही बहुधा जागतिक वेळेवरच चालू होतो. दिवसभर हे कोणाच्या लक्षात येत नाही. एखाद्या सदस्याने १ एप्रिलच्या रात्री दोन वाजता देखभाल शुल्क भरले, तर सर्व्हरच्या घड्याळात तेव्हा ३१ मार्चचे साडेआठ वाजलेले असतात आणि ती रक्कम मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. लेखापरीक्षणाच्या वेळी हा फरक शोधताना खजिनदाराची आणि आपली झोप उडते. वेळ जागतिक प्रमाणात साठवावी, दाखवताना आणि तारखेनुसार गट करताना ‘आशिया/कोलकाता’ हा विभाग वापरावा. मायएसक्यूएलमध्ये टाइमस्टॅम्प हा प्रकार जोडणीच्या वेळविभागानुसार रूपांतर करतो, डेटटाइम करत नाही; दोन्ही एकाच टेबलात मिसळले की गोंधळ ठरलेला. ‘रात्री दोनचा’ म्हणून लावलेला बॅकअप सकाळी साडेसातला चालतो आणि ऐन त्याच वेळी साइट मंद होते, त्यामागेही हेच कारण असते.

एकदा दाबले, दोनदा भरले

डोंबिवलीहून निघालेला सदस्य जलद लोकलमध्ये उभ्या उभ्या सोसायटीचे बिल भरतो, वाटेत नेटवर्क जाते, पडद्यावरचे चक्र फिरत राहते आणि ठाणे आल्यावर तो पुन्हा ‘भरा’ दाबतो. त्याच्या दृष्टीने पहिला प्रयत्न फसला होता. सर्व्हरच्या दृष्टीने दोन्ही रिक्वेस्ट व्यवस्थित पोहोचल्या होत्या. एनजिनएक्सच्या लॉगमध्ये अशा पहिल्या रिक्वेस्टपुढे ४९९ हा क्रमांक असतो: ग्राहकाने जोडणी सोडली. मागचा कोड मात्र पुढे चालूच राहू शकतो.

बटण एकदा दाबल्यावर ते निष्क्रिय करणे हा उपाय पुरेसा नाही, कारण पान पुन्हा उघडले की बटण पुन्हा जिवंत होते. ‘आधी नोंद आहे का पाहा, नसेल तर घाला’ असा कोडही पुरत नाही; दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही नोंद सापडत नाही आणि दोन्ही घालतात. फॉर्म तयार करतानाच प्रत्येक बिलाच्या प्रयत्नाला एक अनन्य क्रमांक द्यावा, तो डेटाबेसमध्ये युनिक निर्बंधासह (तोच क्रमांक दुसऱ्यांदा घालू न देणारा नियम) साठवावा, आणि दुसरी नोंद डेटाबेसनेच नाकारली की सदस्याला पहिल्याच व्यवहाराची पावती दाखवावी. पेमेंट गेटवेकडून येणारा निरोपही एकापेक्षा अधिक वेळा येऊ शकतो, हे गृहीत धरूनच तो भाग लिहावा आणि त्यावरील सही तपासल्याशिवाय पैसे जमा दाखवू नयेत.

डि’सोझा यांचा फॉर्म का अडतो

वसईच्या एका संस्थेकडून तक्रार आली, की काही ठरावीक सदस्यांचेच फॉर्म जतन होत नाहीत. ती सारी आडनावे डि’सोझा, डि’मेलो अशी होती. रोमन लिपीतील त्या नावातले एकेरी अवतरणचिन्हासारखे दिसणारे छोटे चिन्ह (अपॉस्ट्रॉफी) थेट एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसला आज्ञा देण्याच्या भाषेच्या, वाक्यात जात होते आणि वाक्य तिथेच तुटत होते. आधीच्या प्रोग्रॅमरने केलेली दुरुस्ती अशी, की नावातून ते चिन्हच पुसून टाकायचे. एरर थांबली, पण माणसांची नावे बिघडली आणि मूळ भगदाड तसेच राहिले. सज्जन सदस्याच्या आडनावाने जे वाक्य तुटते, ते वाईट हेतूने लिहिलेल्या मजकुराने हवे तसे वळवताही येते; एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच. अशी तक्रार आली की ती धोक्याची घंटा समजून प्रत्येक क्वेरी तपासावी. मजकूर जोडून क्वेरी बनवणे बंद करावे आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरावे, ज्यात क्वेरीचा सांगाडा आणि आत भरायची माहिती वेगवेगळी पाठवली जाते. टेबलाचे किंवा कॉलमचे नाव अशा रीतीने पाठवता येत नाही; क्रमवारीसाठी कॉलम निवडण्याची सोय असेल तर परवानगी असलेल्या नावांची यादी कोडमध्येच ठेवावी.

कोडची दुरुस्ती एका दुपारी झाली. त्यानंतर चिन्ह पुसलेल्या नावांची यादी काढून संस्थेच्या कार्यालयाला दिली, आणि प्रत्येक सदस्याला विचारून त्याचे नाव त्याने लिहिले तसे पुन्हा भरून घेतले.