आम्ल-संवेदी लिपोसोमवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

एम. फार्म.च्या प्रबंधासाठी मी आम्ल-संवेदी लिपोसोम, म्हणजे आम्लात फुटून आतले औषध सोडणाऱ्या लिपिडच्या (स्निग्ध रेणूंच्या) सूक्ष्म पिशव्या, हा विषय घेतला, तेव्हा ते आम्लात फुटतील कसे, एवढीच चिंता होती. प्रत्यक्षात वर्षाचा मोठा भाग ते रक्ताच्या पीएचला टिकवण्यातच गेला. गोव्यात या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

रक्ताचा पीएच ७.४ असतो, ट्यूमरमध्ये पेशींच्या बाहेर तो साधारण ६.५ ते ६.८ पर्यंत उतरतो, तर पेशीने आत घेतलेला कण ज्या एन्डोसोममध्ये (पेशीतल्या छोट्या पिशवीत) पोचतो तिथे ५ ते ६ पर्यंत. पहिला फरक फार थोडा असल्याने नवख्याने एन्डोसोमचेच लक्ष्य धरावे, असे माझे मत आहे.

डीओपीई या लिपिडचे डोके लहान आणि शेपट्या पसरट असतात; पाचरीसारख्या चिऱ्यांनी सरळ भिंत उभी राहत नाही, तसा एकट्या डीओपीईचा द्विस्तर (लिपोसोमची दुपदरी भिंत) टिकत नाही. कोलेस्टेरिल हेमिसक्सिनेट, म्हणजे प्रयोगशाळेतले ‘केम्स’, ७.४ ला ऋणभारित असल्यामुळे ही भिंत सावरून धरते. आम्लात प्रोटॉन मिळाला की त्याचा भार जातो, आधार सुटतो आणि औषध बाहेर पडते. मी डीओपीई आणि केम्सच्या ६:४ या मोलर प्रमाणापासून सुरुवात केली. रक्तात अधिक काळ फिरावेत म्हणून पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे पॉलिमर) घातल्यास आम्लाला मिळणारा प्रतिसाद मंदावतो, म्हणून पीईजीचा विचार नंतरच करावा.

जुलैतल्या दमट हवेत उणे २० अंशांवरची लिपिडची कुपी मी बाहेर काढताच उघडली आणि काचेच्या आतल्या बाजूने दव धरले. कुपी बंदच ठेवून डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि वापरून झाल्यावर नायट्रोजन भरून मिटावी; डीओपीईच्या असंतृप्त शेपट्या हवेतल्या ऑक्सिजनने खराब होतात.

दुसरी चूक महागात पडली. गळती मोजण्यासाठी लिपोसोममध्ये कॅल्सीन हे चमकणारे रंगद्रव्य दाटीने भरतात. आत ते मंद असते, बाहेर पडून विरळ झाले की हिरवे चमकते. माझ्या नोंदीत मात्र पीएच ४.५ ला ५.५ पेक्षा कमी गळती दिसत होती. दोन आठवडे मी लिपिडचे प्रमाण बदलत राहिले. दोष रंगद्रव्याच्या मोजमापात होता: तीव्र आम्लात कॅल्सीनची चमकच घटते आणि शंभर टक्के गळतीचे माप मी ट्रायटन (सगळे लिपोसोम फोडणारे डिटर्जंट) घालून फक्त ७.४ ला घेतले होते. त्यानंतर प्रत्येक नमुना ७.४ ला परत आणूनच मी वाचन घेऊ लागले, आणि सोबत डीपीपीसी हे दुसरे लिपिड व कोलेस्टेरॉल यांचे आम्लाला न जुमानणारे लिपोसोम तुलनेसाठी ठेवू लागले.