आखूड बॅरलचं, मोठ्या बोअरचं रिव्हॉल्व्हर: या चुका टाळा

अडीच-तीन इंच बॅरलचं (नळीचं), .४४ मॅग्नम किंवा .४५४ कॅसुल अशा जबर काडतुसाचं रिव्हॉल्व्हर घेऊन कुणी नवीन माणूस रेंजवर आला की बहुतेक वेळा तेच बघायला मिळतं. पहिली गोळी कागदावर कुठेतरी लागते, दुसरी खाली, तिसरी थेट मातीत, आणि मग नेम धरायची साइट खराब आहे म्हणून तक्रार सुरू होते. साइट चांगलीच असते, पहिल्या झटक्याने हात घाबरलेला असतो आणि ट्रिगर पूर्ण दाबला जायच्या आधीच तो मझल (नळीचं तोंड) खाली ढकलतो. मला ही रिव्हॉल्व्हरं फार आवडतात, वाईट तर अजिबात नाहीत, पण वजन कमी, पकडायला जागा कमी आणि काडतूस मात्र मोठ्या जनावराला पुरेल असं, त्यामुळे सहा इंची जड रिव्हॉल्व्हरमध्ये खपून जाणाऱ्या चुका इथे खपत नाहीत.

नवख्याच्या हातात भरलेलं सिलिंडर देणं

सगळ्यात जास्त राग मला याचा येतो. मालकाचा हात थोडाफार बसलेला असतो, तो सोबतच्या मित्राला पाचही चेंबर, म्हणजे सिलिंडर या फिरत्या दंडगोलातली काडतुसांची भोकं, भरून देतो आणि स्वतः मोबाइल काढून शूट करत उभा राहतो, कारण मित्र कसा दचकतो ते बघायला मजा येते म्हणे. माझ्या शेजारच्या लेनमध्ये एकदा हेच चाललं होतं, .५०० स्मिथ अँड वेसन, आखूड बॅरलचं. त्या पोराने हात सैल धरले होते, कोपरं वाकलेली, अंग मागे झुकलेलं. गोळी सुटली, मझल कपाळाच्या उंचीला आलं, ग्रिप तळहातात फिरली आणि बंदूक हातातून पडू नये म्हणून त्याने मूठ घट्ट आवळली. बोट ट्रिगरवरच होतं. दुसरी गोळी वर छताच्या फळीत गेली, आणि ती फळी त्याच्या डोक्याच्या जवळजवळ सरळ रेषेत होती. पोरगा पांढराफटक पडला. मित्राला तर आधी कळलंच नाही की दोन आवाज आले.

हे नशिबाने होत नाही, यामागे साधं कारण आहे. झटक्यात बंदूक मागे येते तेव्हा बोटाचा दाब क्षणभर सुटतो, ट्रिगर पुढे येऊन रीसेट होतो, आणि मूठ आवळली की तो परत दाबला जातो. आपण दोनदा ट्रिगर दाबला हे त्या माणसाला ठाऊकही नसतं.

माझ्याकडून कुणी नवीन माणूस हे रिव्हॉल्व्हर चालवणार असेल तर सिलिंडरमध्ये एकच काडतूस जातं, बाकी सगळे चेंबर रिकामे. ते झाडायचं, बंदूक खाली ठेवायची, मग परत एक. .४४ मॅग्नम असेल तर सुरुवात .४४ स्पेशल या कमी ताकदीच्या, आखूड काडतुसाने, कारण स्पेशल मॅग्नमच्या चेंबरमध्ये आरामात चालतं. समोरच्याला इतर बंदुकांचा कितीही अनुभव असू दे, मी हा नियम मोडत नाही, आणि कुणाला तो अपमान वाटला तर त्याने माझं रिव्हॉल्व्हर चालवू नये.

तसंच, स्पेशल मॅग्नममध्ये चालतं, .४५ कोल्ट .४५४ कॅसुलमध्ये चालतं, पण उलटं कधीच नाही. बसतंय का बघू म्हणून प्रयोग करायचा नाही.

हलक्या फ्रेममध्ये हाताला येईल ते काडतूस भरणं

दुकानात हातात घेतल्यावर हलकं रिव्हॉल्व्हर सगळ्यांनाच आवडतं. स्मिथ अँड वेसनचं ३२९पीडी स्कँडियम मिसळलेल्या अॅल्युमिनियमच्या फ्रेमचं आहे, वजन सातशे ग्रॅमच्या आसपास, आणि त्याच काडतुसाचं स्टीलचं चार इंची मॉडेल २९ सव्वा किलोच्या आसपास. काडतूस तेच, वजन जेमतेम साठ टक्के, मग उरलेला मार कोण खाणार? मनगट खातं हे सगळ्यांना कळतं, पण सिलिंडरमध्ये वाट बघत बसलेली बाकीची काडतुसंही तोच मार खातात हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. बंदूक जोरात मागे जाते, पुंगळीची (काडतुसाच्या धातूच्या नळीची) कड तिच्यासोबत मागे खेचली जाते, आणि गोळी मात्र जागेवर राहायला बघते. क्रिंप (गोळीभोवती आवळलेलं पुंगळीचं तोंड) कमजोर असेल तर दर झटक्याला गोळी पुंगळीतून थोडी थोडी बाहेर सरकते, आणि शेवटी तिचं टोक सिलिंडरच्या पुढे येऊन फ्रेमला अडकतं. मग सिलिंडर फिरत नाही, उघडत पण नाही, आणि आत जिवंत काडतुसं. स्वसंरक्षणासाठी किंवा जंगलात जाताना म्हणून घेतलेलं हत्यार तिसऱ्या गोळीला बंद पडतं.

हे तपासायला पाच मिनिटं लागतात, तरी लोक कंटाळा करतात. एका काडतुसाची लांबी कॅलिपरने मोजून घ्या, त्यावर मार्करने खूण करा आणि ते सगळ्यात शेवटी येईल असं भरा. बाकीची झाडा, खूण केलेलं बाहेर काढून परत मोजा. लांबी वाढलेली दिसली तर ते काडतूस या रिव्हॉल्व्हरसाठी नाही, मग डबा कितीही महागाचा असो आणि मित्राच्या स्टीलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये कितीही छान चालत असो. ही तपासणी मी प्रत्येक नव्या लॉटला करतो. स्वतः काडतुसं भरणाऱ्यांनी तर जास्तच काळजी घ्यावी, नवशिक्यांचा क्रिंप बहुतेक वेळा कमीच असतो.

सिलिंडर अडकलं की बडवायला घेणं

गोळी सरकणं हे अडकण्याचं एक कारण झालं. प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, दारू पेटवणारी टोपी) पूर्ण खाली बसलेला नसला तरी तो मागच्या बाजूला घासतो. पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे दाणे गेले तरी सिलिंडर जड फिरतं, आखूड बॅरलमध्ये हे फार होतं कारण दारू पूर्ण जळायला वेळच मिळत नाही. चौथं कारण म्हणजे इजेक्टर रॉड (ती चांदणी ढकलणारी दांडी) झटक्यांनी सैल होऊन पुढे येतो. आताच्या स्मिथ अँड वेसनमध्ये त्याला उलटे आटे असतात, त्यामुळे नेहमीच्या दिशेने घट्ट करायला गेलात तर अजून सैल कराल, आणि घट्ट करताना चेंबरमध्ये रिकाम्या पुंगळ्या ठेवा म्हणजे एक्स्ट्रॅक्टरवर ताण येत नाही. पक्कड लावू नका, रॉडवर दात उमटतात आणि तो वाकतो.

सिलिंडर भरलेलं असताना अडकलं तर मझल टार्गेटकडेच ठेवा, बोट बाहेर, हलक्या दाबाने उघडतंय का बघा, नसेल उघडत तर तिथेच थांबून रेंज ऑफिसरला हाक मारा. लाकडाने ठोकणारे, मझलसमोर हात नेऊन गोळी आत ढकलणारे लोक मी बघितलेत. अशांच्या बाजूला मी उभा राहत नाही.

पुंगळ्या काढताना लाजणं

अडीच इंची रिव्हॉल्व्हरचा इजेक्टर रॉड आखूड असतो, मॅग्नमची पुंगळी जवळपास तेहतीस मिलिमीटर लांब, त्यामुळे हळूहळू दाबलं तर ती अर्धवट बाहेर येते किंवा चांदणीखाली घुसते. मझल आकाशाकडे, आणि तळहाताने एकदाच जोरात, पूर्ण. दारूचे दाणेही त्यासोबत खाली पडतात. माझ्या बॅगेत जुना टूथब्रश कायम असतो, दर दोन-तीन भरणीनंतर चांदणीखालून एक हात फिरवतो. स्पेशल खूप चालवून मग मॅग्नम भरायची असतील तर आधी चेंबर ब्रशने घासा, कारण स्पेशलच्या आखूड पुंगळीच्या पुढे कार्बनचं कडं तयार होतं आणि लांब पुंगळ्या त्यात अडकतात.

ताकदीच्या मागे लागणं

डब्यावर लिहिलेला वेग लांब बॅरलचा असतो. २४० ग्रेन वजनाची जी मॅग्नम गोळी लांब बॅरलमधून चौदाशे फूट प्रति सेकंदाच्या आसपास जाते ती अडीच इंचातून बहुतेक वेळा अकराशेच्या आसपास निघते, बाकीची दारू मझलबाहेर लोळ होऊन जळते. म्हणजे झटका पूर्ण, आवाज पूर्ण, आग डबल, आणि फायदा अर्धवट. मी स्वतः अशा रिव्हॉल्व्हरमध्ये बहुतेक वेळा मधल्या ताकदीची काडतुसं किंवा स्पेशलच चालवतो. १९०७ सालचं मूळ .४४ स्पेशल २४६ ग्रेनची गोळी साडेसातशे फुटांच्या आसपास फेकायचं, आणि त्याने नेम धरायला शिकता येतं, जे मॅग्नमच्या पूर्ण ताकदीने शिकता येत नाही.

नेमाचा विषय निघाला म्हणून, या बंदुकीत पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर कमी असतं. ते साधारण १२५ मिलिमीटर धरलं आणि साइट एक मिलिमीटर हलली तर दहा मीटरवर गोळी आठ सेंटिमीटर बाजूला जाते. म्हणून ड्राय फायर (गोळी न झाडता ट्रिगर दाबायचा सराव) करा, रोज, स्नॅप कॅप (नकली काडतुसं) घालून, भिंतीवर टिंब काढून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून. रेंजवर कुणाला तरी सिलिंडर भरायला सांगा, मध्ये मध्ये स्नॅप कॅप, तुम्हाला न दाखवता, म्हणजे रिकाम्या क्लिकवर हात कसा खाली जातो ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. हे कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक व्हिडिओ बघून हलकी स्प्रिंग टाकतात, मग प्रायमर पेटत नाहीत आणि परत तक्रारी.

बाकीच्या चुका पटापट

सिनेमातल्यासारखं मनगट झटकून सिलिंडर बंद करू नका, क्रेन (सिलिंडर ज्यावर बाहेर उघडतं तो हात) वाकते. सपोर्टच्या हाताचा अंगठा सिलिंडरच्या पुढे जाऊ देऊ नका, सिलिंडर आणि बॅरलच्या फटीतून निघणारा गरम गॅस मोठ्या मॅग्नममध्ये बोट कापू शकतो. दिसायला सुंदर अशी बारीक लाकडी ग्रिप काढा आणि मागची पट्टी पूर्ण झाकणारी रबरची बसवा. कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही. टायटॅनियमचं सिलिंडर असेल तर खरखरीत पॅड किंवा पॉलिश लावू नका. चामड्याच्या होल्स्टरमध्ये महिनोन्महिने ठेवू नका, ओल धरते.

आणि क्लिक झाला पण आवाज नाही, तर लगेच परत ट्रिगर दाबणारे लोक बघून मला खरंच भीती वाटते. प्रायमर उशिरा पेटू शकतो, आणि तोपर्यंत तुम्ही ते काडतूस बॅरलसमोरून बाजूला फिरवलेलं असतं. मझल टार्गेटकडे ठेवून निदान तीस सेकंद थांबा, मगच उघडा. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, झटका जाणवलाच नाही, तरीही तिथेच थांबा, बंदूक रिकामी करा, सिलिंडर उघडं ठेवून बॅरलमध्ये रॉड घालून बघा. आत गोळी अडकलेली असेल तर पुढची गोळी बॅरल फुगवते नाहीतर फोडते. रॉड आरपार गेला तरच पुढचं काडतूस भरा.