फोटोचा प्रोग्राम बदलताय? आधी या चुका टाळा

गंगाखेडच्या एका लग्नाचे बाराशे फोटो मी चार रात्री जागून लाइटरूम या फोटो सुधारायच्या प्रोग्राममध्ये केले होते. सहा महिन्यांनी मुलीकडच्यांनी अल्बमची दुसरी प्रत मागितली. मधल्या काळात मी डार्कटेबल या तशाच दुसऱ्या प्रोग्रामवर आलो होतो. फोल्डर त्यात घेतला तर समोर कॅमेऱ्यातून निघालेले कोरे फोटो. हळदीचा पिवळा गेला, पैठणीचा जांभळा गेला, सगळं राखुंडी. हाताखालचा पोरगा म्हणाला, "काका, फोटो असे फिक्के का दिसायलेत? कार्ड गेलं का?"

कार्ड ठणठणीत होतं, चूक माझी होती. परभणीत स्टुडिओ चालवताना आणखी चार जणांना हीच चूक करताना पाहिलंय, म्हणून हे लिहितोय.

वही मागेच राहते

लाइटरूम मूळ रॉ फाइलला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या कच्च्या फाइलला, हात लावत नाही. तुम्ही ओढलेला प्रत्येक स्लायडर, केलेला क्रॉप, दिलेले स्टार, सगळं ते कॅटलॉग नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवतं. माल कपाटात आणि हिशोबाची वही गल्ल्यात, असा मामला. आपण दुकान हलवताना कपाट उचलतो अन् वही विसरतो.

म्हणून निघायच्या आधी लायब्ररीत सगळे फोटो सिलेक्ट करून कंट्रोल एस दाबायचं. प्रत्येक रॉच्या शेजारी या नोंदींची एक छोटी एक्सएमपी फाइल तयार होते. जेपेग आणि डीएनजी (रॉचाच एक प्रकार) यांत मात्र ही माहिती फाइलच्या पोटातच जाते. डार्कटेबल पहिल्यांदा फोटो घेताना ही एक्सएमपी वाचतं. स्टार, रंगाची लेबलं, कीवर्ड व्यवस्थित येतात. क्रॉप, एक्स्पोजर, टोन कर्व्ह जमेल तितकं येतं. ब्रशने नवरीच्या चेहऱ्यावर केलेलं काम येत नाही. कलेक्शन (फोटोंचे गट) आणि व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोच्या वेगळ्या आवृत्त्या) याही मागेच राहतात. निवडीसाठी झेंडे लावायची सवय असेल तर आधी त्यांचे स्टार करून घ्या, स्टार सगळीकडे कळतात.

इथे एक गंमत आहे. डीएससी ०४१२ या फोटोसाठी लाइटरूम नुसत्या त्या नावाची एक्सएमपी करतं, तर डार्कटेबल मधे एनईएफ हे निकॉनच्या रॉचं एक्स्टेन्शनही ठेवून दुसरी करतं. एका फोटोला दोन फाइली बघून आमच्या पोराने "डबल झाल्यात" म्हणून एक गठ्ठा साफ केला होता. दोन्ही ठेवा, जागा काहीच खात नाहीत. फोल्डर विंडोजमधून परस्पर हलवू नका, नाहीतर डार्कटेबल फोटोच्या जागी चक्क कवटी दाखवतं. पहिल्यांदा बघितली तेव्हा व्हायरसच वाटला मला.

पण खात्रीचा उपाय एकच आहे. झालेलं काम जुन्या प्रोग्राममधूनच पूर्ण आकाराच्या जेपेगमध्ये काढून ठेवायचं, मोलाचे फोटो १६ बिट टिफमध्ये. वर्गणी संपली तरी लाइटरूम क्लासिक उघडतं, एक्स्पोर्टही होतं, फक्त डेव्हलप (फोटो सुधारायचा भाग) आणि मॅप बंद होतात. गंगाखेडचा अल्बम तसाच निघाला. जुन्या लॅपटॉपवर कॅटलॉग सापडला, रात्रभर एक्स्पोर्ट लावला, मधे दोनदा लाइट गेली.

पिकासावाल्यांचंही असंच. गुगलने ते मार्च २०१६ मध्ये बंद केलं, पण तालुक्याच्या गावात अजून कुठे कुठे चालू दिसतं. त्यातले बदल प्रत्येक फोल्डरमधल्या एका लपलेल्या आयएनआय फाइलमध्ये असतात. पिकासातूनच 'सेव्ह' करून घेतलं नाही तर दुसरीकडे मूळचाच फोटो दिसणार.

रंग जुळवायचा हट्ट

एकच रॉ फाइल दोन प्रोग्राममध्ये दोन तऱ्हेची दिसते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसतो तो रॉमध्ये दडलेला छोटा जेपेग. खरी रॉ प्रत्येक प्रोग्राम आपल्या पद्धतीने शिजवतो. वरणाला आईची फोडणी वेगळी, सासूची वेगळी, तसं. अर्ध्या अल्बमला जुना रंग आणि अर्ध्याला नवा, असं मात्र करू नका. पानं उलटताना ते ओळखू येतं, आणि नवरीची मावशी तर हमखास ओळखते. जे लग्न जुन्यात सुरू केलं ते जुन्यातच संपवा.

पैसे देऊन घेतलेले लाइटरूमचे प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, डार्कटेबलमध्ये चालत नाहीत. तिथे 'स्टाइल' असते, ती मी स्वतः बनवली. माझ्या दोन संध्याकाळी त्यात गेल्या.

छपाईचे फोटो मेलेले आले तर आधी लॅबला फोन लावू नका. मीही लावला होता आणि नंतर गप्प बसलो. एक्स्पोर्टमध्ये ॲडोबी आरजीबी ही रंगपद्धत राहिली होती, लॅब एसआरजीबी ही दुसरी धरून चालते. नवीन प्रोग्राममध्ये हे सेटिंग पहिल्याच दिवशी तपासा.

फोटोशॉपवरून जिम्पवर

जिम्प हा फोटोशॉपसारखाच प्रोग्राम, पण इथे बोटंच दगा देतात. फोटोशॉपमध्ये कंट्रोल डी म्हणजे सिलेक्शन सोडणं, जिम्पमध्ये तेच दाबलं की अख्ख्या इमेजची कॉपी उघडते. गिऱ्हाईक समोर बसलेलं आणि माझ्याकडे एकाच माणसाच्या पासपोर्ट फोटोचे अकरा टॅब! जिम्पमध्ये सिलेक्शन सोडायला कंट्रोल शिफ्ट ए. शॉर्टकट बदलता येतात, पहिल्या तासाभरातच बदलून टाका.

'सेव्ह' केल्यावर जेपेग सापडत नाही ही दुसरी तक्रार. जिम्पचं सेव्ह फक्त एक्ससीएफ (जिम्पची स्वतःची फाइल) करतं, जेपेगसाठी एक्स्पोर्ट, म्हणजे कंट्रोल शिफ्ट ई. पासपोर्टच्या ३.५ बाय ४.५ सेंमीला ३०० डीपीआयवर ४१३ बाय ५३१ पिक्सेल लागतात. ते 'स्केल इमेज'मध्ये करायचं. 'प्रिंट साइज' बदलल्याने कागदावरचं माप बदलतं, पिक्सेल तेवढेच राहतात.

सगळ्यात जास्त रडवतात ते अल्बमचे आणि पत्रिकांचे पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या फाइली. माझ्याकडच्या जिम्प २.१० मध्ये पीएसडी उघडतो, पण ॲडजस्टमेंट लेअर (रंग-उजेड बदलणारे थर) येत नाहीत आणि मजकुराचं चित्र होतं. 'चि. सौ. कां.'च्या पुढचं नाव बदलायला गेलो तर अक्षरं खोडायचीच सोय नाही. अशा फाइलींसाठी ब्राउझरमधलं फोटोपी वापरतो, तिथे मजकूर मजकूरच राहतो. त्यातही फाइल श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात असेल आणि तो फॉन्ट मशीनवर नसेल तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ती दुरुस्त करत बसू नका, मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता, बलू हे फॉन्ट फुकट मिळतात. जिम्पमध्ये 'श्री' आणि 'ज्ञानेश्वर' तुटत नाहीत. खरं सांगायचं तर जिम्पवर माझा जीव बसला तो यावरून.

कधी बदलायचं

तुळशीच्या लग्नानंतर अजिबात नाही. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत मुहूर्त नसतात, तेव्हा दोन्ही प्रोग्राम शेजारी ठेवा आणि बारशी, वाढदिवस, पासपोर्ट अशी किरकोळ कामं नव्यात करा. मी बदललं ऐन मे महिन्यात, दिवसाला दोन लग्नं असताना, एका मित्राच्या सांगण्यावरून. तो स्वतः अजून जुन्यातच काम करतो.

जुना लॅपटॉप मी काढला नाही. बॅटरी मेली आहे, चार्जर लावल्याशिवाय चालू होत नाही, पण कोणी तीन वर्षांपूर्वीच्या लग्नाची प्रत मागायला आलं की धूळ पुसून तोच उघडतो.