ग्रँड कॅन्यनला गाडीने जायचंय? आधी काठ ठरवा, मग हॉटेल

अमेरिकेत लेकाकडे किंवा लेकीकडे आलेल्या आई-बाबांना काय काय दाखवायचं, या यादीत नायगारा आणि ग्रँड कॅन्यन ठरलेलेच. नायगाऱ्याला चुकायला फारसा वाव नाही. ग्रँड कॅन्यनला मात्र लोक भलत्याच काठावर जाऊन उभे राहतात आणि "फोटोत होतं तसं काही दिसलं नाही" म्हणत परततात.

१. काठ ठरवा

ही दरी ४४६ किलोमीटर लांब आहे. मॅपवर नुसतं 'ग्रँड कॅन्यन' टाकून निघणं म्हणजे 'सह्याद्री' टाकून निघण्यासारखं झालं. जायच्या मुख्य जागा तीन.

लास व्हेगसहून सव्वादोन-अडीच तासांवर ग्रँड कॅन्यन वेस्ट आहे. २००७ मध्ये सुरू झालेला काचेचा स्कायवॉक तो हाच. ही जमीन हुआलापाई या मूलनिवासी जमातीची. ती नॅशनल पार्कात येत नाही, म्हणून पार्कचा पास इथे चालत नाही.

नॉर्थ रिम म्हणजे उत्तर काठ. तो उंचावर, हिवाळ्यात बंद. जुलै २०२५ च्या वणव्यात तिथलं जुनं लॉज जळून गेलं. पहिल्या खेपेला तिकडे नकोच.

फोटोंमध्ये दिसतो तो बहुधा साउथ रिम, म्हणजे दक्षिण काठ. तो वर्षभर उघडा असतो. व्हेगसहून साडेचार तास, फिनिक्सहून साडेतीन. उत्तर आणि दक्षिण काठ समोरासमोर जेमतेम १६ किलोमीटरवर आहेत, पण गाडीने वळसा घालून जायचं तर साधारण ३४५ किलोमीटर. तेव्हा "सकाळी साउथ, दुपारी नॉर्थ" हा बेत कागदावरच ठेवा.

२. महिना निवडा

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. साउथ रिम सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वराच्या दीडपट. वाळवंट म्हणून नुसते सुती कपडे घेऊन गेलात तर पहाटे कुडकुडाल. जुलै-ऑगस्टमध्ये तिथेही मान्सूनच म्हणतात. दुपारी ढग दाटतात आणि विजा पडतात, तेव्हा काठावरून लगेच मागे या.

३. एक रात्र तरी काठाजवळ काढा

व्हेगसहून एका दिवसात जाऊन येता येतं, पण नऊ तास गाडीत बसून भर दुपारी दोन तास दरी बघायची, हा व्यवहार मला पटत नाही. दुपारच्या उन्हात दरी सपाट दिसते, रंगीत पडदा टांगल्यासारखी. तिची खोली कळते ती सूर्य कलला की, सावल्या पडायला लागल्यावर.

पार्कातली लॉज कित्येक महिने आधी भरतात. ती मिळाली नाहीत तर प्रवेशद्वाराला लागून असलेलं टुसायान, आणि तेही महाग वाटलं तर तासभर अलीकडचं विल्यम्स. विल्यम्सला राहिलात तर अंधारात गाडी सावकाश चालवा, रस्त्यावर एल्क येतात. हे हरणाच्या कुळातलं जनावर घोड्याएवढं असतं.

४. पैसे, पेट्रोल आणि डबा

पार्कात जायला गाडीमागे ३५ डॉलर, सात दिवसांसाठी. शिवाय १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या सोळा वर्षांवरच्या प्रत्येक पाहुण्याला १०० डॉलर जादा आहेत. भारतातून आलेले आई-बाबा यातच येतात, म्हणून आपल्या गाडीला कोणता पास स्वस्त पडेल ते निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर पाहून ठेवा.

पेट्रोल वाटेतल्या किंगमन किंवा विल्यम्सलाच भरा. नकाशे ऑफलाइन उतरवून घ्या, वाटेत रेंज जाते. शाकाहारी मंडळींना काठावर पिझ्झा आणि फ्राइज यापलीकडे फारशी निवड नाही. धपाटे, दाण्याची चटणी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या दोन दिवस निभावून नेतात.

५. काठावरचा दिवस

सूर्योदयाच्या अर्धा तास आधी मेदर पॉइंटला पोहोचा. हॉटेलातली पांघरुणं गुंडाळून आलेले लोक दिसतील, त्यांना हसू नका. आधी समोर नुसता काळोख. मग पलीकडच्या सुळक्यांची टोकं तांबडी होतात आणि उजेड एकेक थर खाली उतरतो.

त्या सुळक्यांची नावं ऐकून माझे बाबा चक्रावले होते. विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल! एकोणिसाव्या शतकात क्लॅरन्स डटन या भूगर्भतज्ज्ञाने ही नावं द्यायला सुरुवात केली. "देऊळ कुठाय?" हा बाबांचा प्रश्न रास्तच होता. देऊळ नाही, नुसता दगड. पण दरीच्या तळाच्या काळ्या खडकालाही 'विष्णू शिस्ट' म्हणतात, आणि त्याचं वय सुमारे १७० कोटी वर्षं आहे, हे कळल्यावर ते बराच वेळ गप्प उभे होते.

दुपारी याव्हापाईचं भूगर्भ संग्रहालय बघा. मग हर्मिट रोड. १ मार्च ते ३० नोव्हेंबर तिथे खासगी गाडी सोडत नाहीत, पार्कची फुकट बस असते. सूर्यास्त होपी पॉइंटला.

६. खाली उतरायचं असेल तर

गडावर आपण आधी चढतो आणि दमून उतरतो. इथे उलटं आहे: ताजेतवाने असताना उतार, दमल्यावर चढ. उतरायला एक तास लागला तर चढायला दोन धरा. तळ काठापेक्षा बराच तापतो, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. साउथ कायबाब वाटेवर ऊ-आ पॉइंटपर्यंत जाऊन-येऊन तीन किलोमीटर होतात. हौसेला तेवढं पुरे. या वाटेवर पाणी मिळत नाही, वरूनच भरून घ्या.

७. हाताशी आणखी दीड दिवस असेल तर पेज गाव

डेझर्ट व्ह्यू रस्त्याने पूर्वेकडे निघा. टोकाला मेरी कोल्टर यांनी १९३२ मध्ये उभारलेला दगडी मनोरा आहे. तिथून कॅमरनमार्गे पेज गाव. संध्याकाळी हॉर्सशू बेंड, म्हणजे कोलोरॅडो नदीचं घोड्याच्या नालासारखं वळण, आणि दुसऱ्या दिवशी अँटिलोप कॅन्यन ही अरुंद घळ.

अँटिलोप नावाहो या मूलनिवासी लोकांच्या जमिनीवर आहे आणि वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही. बुकिंग आधीच करा. तिच्या 'लोअर' म्हणजे खालच्या भागात उभ्या लोखंडी शिड्या आहेत. दूरवर पडलेल्या पावसाचा लोंढाही या घळीत येतो. १९९७ मध्ये अशाच लोंढ्यात ११ पर्यटक गेले. त्यामुळे आभाळ स्वच्छ असतानाही सहल रद्द झाली तर हुज्जत घालू नका.

घड्याळाचं एक त्रांगडं लक्षात ठेवा. ग्रँड कॅन्यन आणि पेज ज्या राज्यात येतात ते ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नावाहो प्रदेश करतो. पेजमध्ये आमचा फोन कुठला टॉवर पकडून एक तास पुढे गेला कोण जाणे! धावतपळत पोहोचलो तर फाटक बंद, माणूस नाही, सगळीकडे लाल धूळ. सहली पेजच्या घड्याळाप्रमाणे निघतात, म्हणजे आमच्या हातात अख्खा तास. आईने बॉनेटवर डबा उघडला. पुढे मॉन्युमेंट व्हॅलीला जाणार असाल तर तिथे नावाहो वेळ चालते, आणि पेजच्या घड्याळावर विसंबलात तर तासभर उशीर होईल.